भिंतीवरचं ए प्लस

आमच्या दुकानात टेबलामागच्या भिंतीवर तीन गोष्टी टांगलेल्या आहेत. अंबाबाईचं कॅलेंडर, टोनरवाल्यानं दिवाळीला दिलेलं घड्याळ आणि त्या दोघांच्या मधोमध, काळ्या फ्रेममध्ये, माझं ए प्लसचं, म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका अमेरिकन परीक्षेचं, सर्टिफिकेट. काचेच्या आत डाव्या कोपऱ्यातून ओल शिरलीय, त्यामुळं खालची सही पसरून जांभळी झालीय. एवढ्या वर्षांत जवळ जाऊन ते वाचणारी गिऱ्हाइकं मोजली तर एका हाताची बोटं पुरतील. त्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सगळा मजकूर वाचला, मान डोलावली आणि विचारलं, "हे ठीक आहे. पण तुमचं एमएससीआयटी झालंय ना?"

नाही म्हणालो. लॅपटॉप ठेवून गेले, पण पावती दोनदा वाचून.

त्या दिवशी मी घरी जाऊन हा किस्सा हसत हसत सांगितला. पुढं विचार करताना वाटलं, सरांचं काय चुकलं? २००२ साली एमकेसीएलनं एमएससीआयटी सुरू केलं. तालुक्यातालुक्यात सेंटरं निघाली, सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ती अट आली, त्यांच्या शाळेतल्या शिक्षकांनी, क्लार्कनी रात्री जाऊन ती परीक्षा दिली. कॉम्प्युटर वापरायचा कसा याचा तो कोर्स, दुरुस्तीशी त्याचा काही संबंध नाही. पण सरांच्या जगात कॉम्प्युटर येतो याचा एकच पुरावा होता आणि तो माझ्याकडं नव्हता. अमेरिकेतल्या कॉम्पटिया नावाच्या संस्थेनं माझ्याबद्दल काय लिहिलंय याच्याशी त्यांना काय करायचंय?

हे सगळं आत्ता आठवायचं कारण बारक्या. सहा फूट उंच आहे, पण दुकानात आला तेव्हा सगळ्यांत लहान होता म्हणून बारक्या. आयटीआयमधून कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्सचा ट्रेड करून आलाय. हात चांगला आहे. दोन वर्षांत त्यानं माझ्याकडून जेवढं उचललं त्याहून जास्त मोबाइलवर व्हिडिओ बघून उचललं. गेल्या महिन्यात दुपारच्या निवांत वेळी एका प्रिंटरचा पिकअप रोलर पुसता पुसता म्हणाला, "दादा, ए प्लस करू काय? फायदा हाय काय त्याचा?"

मी म्हटलं, चहा सांग आधी.

हो-नाहीचं उत्तर मला येत नव्हतं असं नाही. पण प्रश्न ऐकला आणि मी एकदम आण्णांच्या जागी जाऊन बसलो.

आण्णा म्हणजे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ज्या दुकानात मी २००१ साली लागलो त्याचे मालक. मूळचे रेडिओवाले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. शिक्षण नववी. इंग्रजी वाचायचे ते फक्त रेझिस्टरच्या रंगपट्ट्यांचं आणि आयसीच्या नंबरांचं. त्यांच्या टेबलाला एक सिरीज बल्ब कायमचा जोडलेला असायचा, शंभर वॉटचा. दुरुस्तीला आलेला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, थेट मेनवर लावायचा नाही, बल्बमधून लावायचा. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, क्षणभर लुकलुकून विझला तर पुढं जायला हरकत नाही. एकही यंत्र न लावता, बल्बच्या उजेडावरून ते सांगायचे की ब्रिज गेलाय का मॉस्फेट. मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं बोलणारं उपकरण ते.

पहिल्या वर्षात शिकलेल्या गोष्टी अशा: मशीन चालू होत नसेल तर आधी रॅम काढ, तिच्या सोनेरी पट्ट्यांवर पांढरा खोडरबर फिरव, फुंकर मारू नको कारण थुंकी उडते, परत बसव. निम्मी मशीन तिथंच चालू होतात. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक लांब दोन आखूड शिट्ट्या म्हणजे डिस्प्ले कार्ड गेलं. बोर्डावर डोळ्यांच्या पातळीवर वाकून बघ, एखादा कपॅसिटर डोक्यावर फुगलाय का. त्या काळात खराब कपॅसिटरांची जगभर साथच आली होती, आमच्याकडं रोज एक-दोन बोर्ड तशी यायची. फुगलेला काढायचा, पाच रुपयांचा नवा लावायचा, शंभर रुपये घ्यायचे.

हे कुठल्या पुस्तकात नव्हतं असं म्हणणार नाही. पण आम्हाला पुस्तकातून मिळालं नाही. २००३ च्या ऑगस्टात ब्लास्टर वर्म आला तेव्हाची गोष्ट सांगतो. विंडोज एक्सपीचं मशीन नेटला जोडलं की साठ सेकंदांचं उलटं घड्याळ यायचं आणि मशीन बंद पडायचं. दोन दिवसांत दुकानाबाहेर सीपीयूंची रांग लागली. लॅमिंग्टन रोडच्या ज्या दुकानातून आम्ही माल आणायचो तिथल्या पोरानं फोनवर सांगितलं, रनमध्ये जाऊन शटडाउन, स्पेस, डॅश, ए टाइप करा, घड्याळ थांबतंय. मग पॅच टाका. तो पॅच मायक्रोसॉफ्टनं महिनाभर आधीच काढला होता हेही त्यानंच सांगितलं. ग्रँट रोडच्या त्या गल्लीतलं ज्ञान महालक्ष्मी एक्सप्रेसपेक्षा लवकर कोल्हापुरात पोचायचं.

मग मला सर्टिफिकेटची अवदसा का आठवली? तर शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री.

वीसेक मशीन होती त्यांच्याकडं. फाउंड्रीतलं मशीन उघडलं की आत काळी मऊ धूळ बसलेली असते, वाळूची, कोळशाची, लोखंडाची. ही धूळ वीज वाहते, त्यामुळं पावसाळ्यात दमट हवेत बोर्ड आपोआप शॉर्ट होतात. आण्णांनी ते ओळखून त्यांच्या सगळ्या मशीनच्या पंख्यांना जुन्या नायलॉनच्या मोज्यांची जाळी लावून दिली होती. दिसायला भयानक, पण बोर्ड जायचे थांबले. त्या कंपनीनं वार्षिक देखभालीचं कंत्राट काढलं तेव्हा आम्हाला वाटलं, आपल्यालाच मिळणार. परचेसच्या साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडं सर्टिफाइड इंजिनिअर आहे का?" आण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "सर्टिफिकेट?" साहेबांनी हात पुढं केला. मी त्या हाताकडं बघत बसलो.

कंत्राट पुण्याच्या एका फर्मला गेलं. त्यांचा इंजिनिअर महिन्यातून एकदा एसटीनं यायचा. मधल्या तीस दिवसांत काही बंद पडलं की त्याच कंपनीतून आण्णांना गुपचूप फोन यायचा आणि आम्ही जाऊन करून यायचो. पैसे चहापाण्याच्या खात्यातून मिळायचे.

तेव्हा ठरवलं.

ए प्लसचे तेव्हा दोन पेपर होते, २२०-३०१ हार्डवेअरचा आणि २२०-३०२ ऑपरेटिंग सिस्टिमचा. दोन्हींची फी मिळून माझा जवळजवळ चार महिन्यांचा पगार. पुस्तक विटेएवढं जाड, झेरॉक्स करून स्पायरल मारलेलं. आण्णांच्या एम-एटीवर मागं बसून मी आयआरक्यूचा, म्हणजे कॉम्प्युटरचा कुठला भाग कुठल्या नंबरनं प्रोसेसरला हाक मारतो त्याचा, तक्ता पाठ करायचो. कॉम वनला चार, कॉम टूला तीन, प्रिंटर पोर्टला सात, पहिल्या आयडीईला चौदा. पाढ्यांसारखे. आजही झोपेतून उठवून विचारा. त्यातलं काहीही आता कुणालाही लागत नाही, पण पाढे काय विसरतात होय?

अभ्यास करताना एका गोष्टीनं मी फार अडखळलो. पुस्तकात प्रश्न असायचा: पॉवर सप्लायमधून जळका वास येतोय, काय कराल? मी मनात म्हणायचो, झाकण काढ, फ्यूज बघ, मेन कपॅसिटर डिसचार्ज कर, ब्रिज तपास. बरोबर उत्तर असायचं: बदला. मॉनिटरचा डिस्प्ले गेलाय? उघडू नका, बदला. मदरबोर्ड? बदला. सुरुवातीला वाटलं, पुस्तक लिहिणाऱ्याला कामच येत नसावं. तसं नव्हतं. पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ट्यूब ते धरून ठेवते. शिकाऊ पोरानं तिथं हात घालू नये हे खरंच आहे. पण भीतीपेक्षा मोठं कारण हिशेबाचं होतं. जिथं हा पेपर काढला जातो त्या देशात टेक्निशियनच्या एका तासाची किंमत नव्या एसएमपीएसपेक्षा जास्त. आमच्याकडं एसएमपीएस साडेचारशेला आणि माझा अख्खा दिवस ऐंशी रुपयांना. तिथं उघडणं वेडेपणा, इथं बदलणं उधळपट्टी. प्रश्न एकच असला तरी त्याची दोन्ही उत्तरं आपापल्या गावात बरोबर होती.

पुण्याला जाऊन पेपर दिले. प्रत्येक प्रश्नाला आधी आण्णांचं उत्तर मनात यायचं, ते बाजूला ठेवायचं आणि साहेबाचं उत्तर टिचकवायचं. पास झालो. कागद काही आठवड्यांनी अमेरिकेहून पोस्टानं आला, जाड पाकिटात. आण्णांनी स्वतः महाद्वार रोडवर नेऊन फ्रेम करून आणला. भिंतीला खिळा ठोकून झाल्यावर खाली उतरले, लांबून बघितलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर आपल्या दुकानाचं नाव न्हाई रं."

मला तेव्हा वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

फायदा झाला का, तर झाला, आणि भरपूर झाला. पुढच्याच वर्षी त्या फाउंड्रीचं कंत्राट आम्हाला मिळालं. मग दोन पतसंस्था, एक दूध संघाचं ऑफिस, एक हॉस्पिटल. प्रत्येक निविदेला सर्टिफिकेटची झेरॉक्स लागायची. फ्रेम इतक्या वेळा उघडली की मागचे खिळे ढिले झाले. झेरॉक्स घेणाऱ्यांपैकी एकानंही विचारलं नाही की यात काय शिकवतात. फाइलीत जिथं एक चौकट रिकामी होती तिथं तो कागद बसला, एवढंच. पुण्याच्या फर्मचा तो इंजिनिअर पुढं एकदा भेटला तेव्हा त्यानं सांगितलं की त्याच्याकडंही मोज्यांची युक्ती नव्हती, पण कागद होता. आम्ही दोघंही हसलो.

काय शिकलो हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला फार उशिरा कळलं. पुस्तकात दुरुस्तीची पद्धत दिली होती. आता ती सहा पायऱ्यांची करून शिकवतात. गिऱ्हाइकाला विचार काय बदललं, काय बिघडलं असेल याचा अंदाज कर, अंदाज तपास, मग हात घाल, सगळं चालतंय का बघ, आणि शेवटी लिहून ठेव. पहिल्या पाच आण्णा न शिकता करायचेच. सहावी त्यांनी जन्मात केली नाही. सगळं डोक्यात. कुठल्या गिऱ्हाइकाचं कुठलं मशीन, गेल्या वर्षी त्यात काय घातलं, सगळं तोंडपाठ. मी मात्र परीक्षेच्या धाकानं एक लांबट रजिस्टर घेतलं आणि लिहायला लागलो. तारीख, नाव, मशीन, हार्ड डिस्कचा सिरियल नंबर, काय केलं. आण्णा चिडवायचे, "तलाठी झालास काय रं?"

त्या रजिस्टराची किंमत कळायला पंधरा वर्षं गेली. २०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, गावात यायला-जायला वाट नाही. राजारामपुरी उंचावर म्हणून आमचं दुकान कोरडं, पण शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरकडं तळमजले आठवडाभर पाण्यात. पाणी उतरलं आणि लोक हातगाडीवर, रिक्षात, पोत्यात घालून सीपीयू आणायला लागले. चिखल असा की कॅबिनेटचा रंग ओळखू येईना. स्टिकर धुऊन गेलेले. एका पतसंस्थेची अकरा मशीन दुसऱ्या एका ऑफिसच्या सामानात मिसळली होती आणि दोन्हीकडची माणसं एकच वाक्य बोलत होती: मशीनचं काय बी होऊ दे, टॅलीचा डेटा तेवढा काढून द्या.

ह्या परीक्षेला कुठलं पुस्तक नव्हतं. आम्ही दुकानामागच्या मोरीत तीन बादल्या मांडल्या. बोर्डाचा सेल आधी काढायचा, मग साध्या पाण्यात गाळ निघेपर्यंत धुवायचं. पाण्यानं भिजलेल्या वस्तूला परत पाण्यात बुडवायचं हे गिऱ्हाइकाला बघवायचं नाही. आम्ही दार लावून घ्यायचो. दुसऱ्या बादलीत स्वच्छ पाणी, तिसरीत आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. बारीक ब्रशनं स्लॉटमधला गाळ काढायचा, मग पत्र्यावर उन्हात. ऊन कुठलं, ऑगस्टातलं कोल्हापूर! शेवटी घरातले हेअर ड्रायर आणले. हार्ड डिस्कला मात्र कुणालाही वीज लावू दिली नाही. डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यातून आत पाणी गेलं असेल आणि तुम्ही ती फिरवली तर हेड प्लेटवर घासून उरलासुरला डेटाही जातो. वरचा बोर्ड खोलून साफ करायचा, सुकवायचा, भोकाच्या आत ओल दिसली तर हात जोडायचे आणि पुण्याला रिकव्हरीवाल्याकडं पाठवायचं.

आणि कुणाची डिस्क कुठली, हे त्या रजिस्टरातून निघालं. डिस्कवरचा कागद गळून गेला तरी फिरवता आली की सिरियल नंबर ती स्वतःच सांगते. एकेक नंबर रजिस्टराशी लावत आम्ही अकरापैकी नऊ मशीन पतसंस्थेची म्हणून वेगळी काढली. मॅनेजर रजिस्टर हातात घेऊन बराच वेळ बघत होते. सर्टिफिकेट त्यांच्या मागंच भिंतीवर होतं, तिकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. जायचं कारणही नव्हतं.

माझं सर्टिफिकेट आजन्म आहे, हेही सांगायला हवं. २०११ पूर्वी ए प्लस मिळवलेल्यांना ते कायमचं मिळालं. त्यानंतरच्यांचं तीन वर्षांनी संपतं, परत परीक्षा द्या किंवा नवं काही शिकल्याचे पुरावे देऊन फी भरा. म्हणजे मला फ्लॉपी ड्राइव्हची रिबन केबल कशी लावायची आणि प्रिंटर पोर्टचा आयआरक्यू कुठला हे येतं, असं अमेरिकेतली एक संस्था माझ्या मरेपर्यंत लिहून द्यायला तयार आहे. नव्या पोरांवर हा अन्याय आहे असं त्यांना वाटतं. मला उलट वाटतं. माझं सर्टिफिकेट खरं तर २०१० च्या आसपास वारलं, फक्त कुणी दाखला काढला नाही.

मधल्या काळातल्या एका प्रकाराबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर चित्र फार सोज्वळ होईल. २००० च्या आसपास आमच्या गावातही एमसीएसईचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्टिफिकेटचं, वेड आलं होतं. एका क्लासच्या बोर्डावर चक्क लिहिलेलं असायचं, पासिंगची गॅरंटी. गॅरंटी डम्पची. डम्प म्हणजे आधी परीक्षा देऊन आलेल्यांनी पाठ करून आणलेले प्रश्न, उत्तरांसकट. पोरं ते घोकायची, सात पेपर पास व्हायची आणि आमच्याकडं नोकरीला यायची. एकाला मी दोन आयडीई डिस्क दिल्या आणि एकाच केबलवर जोड म्हटलं. जंपर म्हणजे मास्टर-स्लेव्ह, हे त्यानं पानभर सांगितलं. जंपर कुठं असतो हे त्याला माहीत नव्हतं. 'पेपर एमसीएसई' हा शब्द तिकडं अमेरिकेतच पडला होता, म्हणजे रोग फक्त आपला नव्हता. त्या पोराचा राग यायचा, आता येत नाही. त्याच्या वडिलांनी एक एकराचं ऊसबिल भरलं होतं त्या क्लासला. मायक्रोसॉफ्टनं एमसीएसईच्या उरलेल्या सगळ्या परीक्षा २०२१ च्या जानेवारीत बंद करून टाकल्या.

लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीची परीक्षा मला त्या मानानं आवडायची, जरी मी ती कधी दिली नाही. तिथं पर्यायांवर टिचक्या मारणं नाही. मशीन देतात, काम देतात, वेळ देतात. शेवटी मशीन चालतं की नाही ते बघतात. आण्णा इंग्रजी शिकले असते तर पास झाले असते.

तर बारक्या. चहा आला, दोन घोट झाले, तरी पोरगा उत्तराची वाट बघत होता. मी मोबाइलवर आताचं स्वरूप काढून वाचलं. अजूनही दोन पेपर, कोअर वन आणि कोअर टू. प्रत्येकी नव्वद मिनिटं, जास्तीत जास्त नव्वद प्रश्न. १०० ते ९०० च्या मापावर पहिल्याला ६७५, दुसऱ्याला ७०० लागतात. २०२५ च्या मार्चपासून पेपरांची नवी आवृत्ती आलीय, त्यात क्लाउड आहे, मोबाइल आहे, सुरक्षा बरीच आहे. सोल्डरिंग अजूनही नाही. फीचा हिशेब त्यानं आधीच केलेला होता: साधारण दोन पगार.

मी मालकाच्या आवाजात बोलायला लागलो. हे बघ, म्हटलं, आपल्या गल्लीत आता काम उरलंय ते चिप लेव्हलचं. लॅपटॉपची रॅमसुद्धा बोर्डाला डकवलेली येते, खोडरबर फिरवायला जागा नाही ठेवली लेकांनी. हॉट एअर धरायला शीक, स्केमॅटिक वाचायला शीक, व्होल्टेजची लाइन कुठं तुटली ते शोधायला शीक. त्याला कुणी सर्टिफिकेट विचारत नाही. बोर्ड चालू झाला की पैसे. गल्लीत सगळ्यांना माहीत असतं कुणाचा हात कसा आहे. तुझाही माहीत आहे.

"गल्लीत माहीत हाय, दादा," तो म्हणाला. त्याला पुढं काही बोलायचं होतं, ते तो बोलला नाही. रोलर पुसत राहिला. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या दुकानातून याआधी एकजण मस्कतला गेला. त्याची मुलाखत फोनवर झाली, पलीकडच्या माणसानं त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या हातातली कला फोनमधून दिसणार कशी? त्यानं कागदावरचा नंबर वाचून दाखवला आणि तेवढ्यावर पुढची बोलणी झाली. २००५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं नियम केला की त्यांच्या कॉम्प्युटरांवर पहिल्या फळीत काम करणाऱ्यांकडं ए प्लससारखं ठरावीक सर्टिफिकेट हवंच. एवढा मोठा पसारा, कोण कुणाला ओळखणार? तिथं कागदच विचारणार. फाउंड्रीच्या साहेबांनाही आण्णांचा हात ओळखता येत नव्हता म्हणूनच त्यांनी हात पुढं केला होता. गल्लीत राहणारा पोरगा ए प्लस करू काय म्हणून विचारत नाही. विचारतो तो मनानं निम्मा बाहेर पडलेला असतो.

ह्याच्यावर आपल्या दुकानाचं नाव न्हाई रं. आण्णा गंमत करत नव्हते. फ्रेम करून आणणारा, खिळा ठोकणारा माणूस खाली उतरून आधी काय बघतो, तर ते. मी कुठं गेलो नाही, हा भाग वेगळा. गेलो असतो तरी त्यांनी फ्रेम काढून हातात दिली असती.

"कुठं बघतोयस?" मी विचारलं.

"पुण्यात हाय एक. सपोर्टचं काम. नाइट शिफ्ट." जरा थांबून म्हणाला, "अजून काय ठरलं न्हाई."

"मग कर. डम्प घोकून करू नको."

"न्हाई न्हाई."

"आणि फीचे अर्धे माझ्याकडून घे. पगारातून कापीन."

कापणार नाही हे त्यालाही माहीत होतं. त्यानं रोलर बसवला, प्रिंटर चालू केला, टेस्टचं पान काढलं. पान बाहेर आलं तसं त्यानं ते उजेडात धरून बघितलं, मी शिकवल्यासारखं. कोअर वनमध्ये प्रिंटरबी हाय दादा, म्हणाला, लेझरमध्ये छपाई कशी होती ते.

"ते मला विचार," मी म्हटलं. खुर्चीत सरळ बसलो. वीस वर्षांपूर्वीचा एम-एटीवरचा पाढा आपोआप तोंडात आला. "क्लीनिंग, कंडिशनिंग, रायटिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्यूझिंग. सहा पायऱ्या."

"सात, दादा," बारक्या पान खाली ठेवत म्हणाला. "आता सात झाल्यात. आणि क्लीनिंग शेवटी गेलंय."